पेनेकाठच्या वीस एकर पीटवर पाणी परत आणताना : प्रकल्प नोंदी

जमीन जर्मनीच्या ईशान्य टोकाला, मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्न राज्यात, पेने नदीच्या खोऱ्यात आहे. आठ हेक्टर, म्हणजे आपले वीस एकर. पन्नासेक वर्षं चर खणून सुकवलेलं पीट (पाण्याखाली पुरतं न कुजता साठत गेलेल्या वनस्पतींची माती) आणि वर गुरांसाठी गवताचं कुरण. आता तिच्यात पाणी परत मुरवायचं आणि ती ओली असतानाच तिच्यावर पीक घ्यायचं, असं मालकांनी ठरवलंय. शेतावरची कामं माझ्याकडे आहेत. शेतकी शिकायला किंवा कामाला इकडे आलेलं आपलं कोणी अशा जमिनीवर उतरलं, तर त्यांच्या उपयोगी पडाव्यात म्हणून या नोंदी.

१८ ऑक्टोबर २०२२

आज दिवसभर लांब गिरमिटानं नमुने काढले. वरचे तीस सेंटिमीटर पाहून वाईट वाटलं. काळी, कोरडी, चहाच्या भुकटीसारखी माती. मूठभर तळहातावर घेऊन बाटलीतलं पाणी ओतलं, तर पाण्याचे थेंब वरच गोळ्या होऊन थांबले आणि घरंगळून गेले. माती आत कोरडीच. सुकून हवा लागलेलं पीट पाणी घेतच नाही. ज्या जमिनीचं नव्वद टक्के वजन पाण्याचं असायला हवं, तिची ही गत.

दीड मीटरच्या खाली मात्र वेगळंच जग. ओलं, तांबूस, तंतुमय. त्यात नळगवताची मुळं अजून ओळखू येतात. गिरमिटातून बाहेर काढलं की पाहता पाहता रंग काळवंडतो, इतकी त्याला हवेची सवय नाही. इथली साधी परीक्षा अशी: मूठभर पीट घट्ट पिळायचं. नितळ पाणी आलं तर पीट शाबूत, गढूळ आलं तर कुजायला लागलेलं, आणि बोटांच्या फटीतून चिखलच बाहेर आला तर संपलेलं. फोन पोस्ट या स्वीडिश संशोधकाची ही दहा पायऱ्यांची पट्टी शंभर वर्षं वापरात आहे. आमच्याकडे वर नऊ-दहा, खाली तीन-चार. तळची वाळू साडेतीन मीटरवर लागली.

चरावरच्या जुन्या काँक्रीट मोरीचा पाया आता जमिनीच्या वर हातभर उघडा पडलाय. मोरी वर आली नाही, जमीन खचली. सुकवलेलं पीट वर्षाला एक-दोन सेंटिमीटर खचतं. काही पाणी गेल्यामुळे आक्रसतं, बाकीचं हवेत जळावं तसं कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातं. इंग्लंडमध्ये होम फेन इथे १८५०च्या सुमारास जमिनीच्या पातळीपर्यंत पुरलेला लोखंडी खांब आज सुमारे चार मीटर उघडा आहे.

हिशेबासाठी आकडे: जर्मनीत असं पीट साधारण १८ लाख हेक्टर, त्यातलं नव्वद टक्क्यांहून जास्त सुकवलेलं. एवढ्याशा जमिनीतून देशाच्या एकूण हरितगृह वायूंपैकी सुमारे सात टक्के बाहेर पडतात. सुकवलेल्या कुरणाला हेक्टरी वर्षाला तीसेक टन वायू (कार्बन डायऑक्साइडच्या मापात) धरतात. आमच्या आठ हेक्टरांचे झाले २४० टन. पाण्याची पातळी दर दहा सेंटिमीटर वर आली की हेक्टरी तीन ते पाच टन कमी होतात. त्यामुळे सगळं काम सेंटिमीटरमध्ये मोजायचं.

२ डिसेंबर २०२२

चरांचा नकाशा जुना, पूर्व जर्मनीच्या काळातला. १९६०-७०च्या दशकांत सरकारी मोहिमेनं इथली खोरीच्या खोरी सुकवली गेली, तेव्हाचा. नकाशात मुख्य चर एक आणि उपचर चार. प्रत्यक्षात पाणी आणखी एका ठिकाणाहूनही चाललंय असा संशय होता, कारण सगळे चर तुंबलेले असतानाही पूर्वेचा कोपरा कोरडा.

रंगानं शोधलं. पाण्यात विरघळणारा हिरवट, चमकणारा रंग निरीक्षण नळीत (जमिनीखालच्या पाण्याची पातळी बघायला रोवलेली नळी) ओतला (आधी परवानगी घ्यावी लागते, साधं पत्र पुरतं). दुसऱ्या दिवशी तो रंग शेजारच्या शेताच्या चरात. मध्ये खोदल्यावर ऐंशी सेंटिमीटर खोलीवर भाजक्या मातीच्या नळ्यांची ओळ सापडली. त्या कोणी, कधी टाकल्या, याची कुठेच नोंद नाही.

नळ्या उपटून काढायला खर्च फार. त्याऐवजी ओळीवर ठरावीक अंतरानं आडवे खड्डे घेऊन तेवढा नळीचा भाग फोडायचा आणि कुजलेलं, चिकट पीट ठासून भरायचं. पहिल्या खड्ड्यात वरची कोरडी भुकटी भरून पाहिली, पाणी तिच्याभोवतून निघून गेलं. खालचं ओलं पीट घेतल्यावर बसलं. हे लक्षात ठेवा: अडवायचं ते ओल्यानंच अडतं.

१४ फेब्रुवारी २०२३

हे सगळं कागदांचं. पाण्याची पातळी बदलायची तर परवानगी लागते, आणि परवानगीसाठी सिद्ध करावं लागतं की शेजाऱ्याचं शेत, गावातली तळघरं आणि रस्ता यांना ओल लागणार नाही. तज्ज्ञाचा अहवाल, मोजणी, शुल्क मिळून १४,००० युरो. चर सांभाळणारी स्थानिक पाणी संस्था पन्नास वर्षं एकच काम करत आलीय, पाणी लवकरात लवकर नदीला पोचवणं. त्यांना आम्ही सांगतोय की आमच्याकडचं जाऊ देऊ नका. बैठकीत विरोध कोणी केला नाही, पण प्रत्येकाला लेखी हवंय की उद्या काही झालं तर जबाबदार कोण.

पश्चिमेच्या शेजाऱ्याचं म्हणणं रास्त होतं. त्याच्या मक्याच्या शेतात पाणी शिरलं तर त्याचं वर्ष जाणार. तोडगा: हद्दीवर तीन निरीक्षण नळ्या, आकडे त्यालाही दिसतील, आणि त्याच्या बाजूची पातळी ठरलेल्या खुणेवर गेली की आम्ही बंधारा एक फळी खाली घेणार. हे त्याच्या स्वयंपाकघरात बसून ठरलं. कार्यालयातल्या बैठकांमध्ये इतकं पुढे कधीच गेलो नव्हतो.

मेमध्ये लागवड होईल असं धरलं होतं. ते आता शक्य नाही.

१२ जून २०२३

परवानगी अजून आलेली नाही. मेपासून पाऊस नाही. निरीक्षण नळीत पाणी जमिनीखाली ८५ सेंटिमीटर. कुरणावरून ट्रॅक्टर गेला की मागे काळा धुरळा. एवढ्यासाठी नोंद करतोय की सुरुवातीची पातळी कागदावर असली पाहिजे, नाहीतर पुढे सुधारणा कशाच्या तुलनेत मोजणार?

या रिकाम्या वेळात कुमेरोव सरोवराच्या बाजूला जाऊन आलो. नॉयकालेनजवळ २०१९मध्ये सुमारे दहा हेक्टर ओल्या पीटवर पाणकणीस लावलंय. तिथून दोन गोष्टी घेऊन आलो. एक, वाफे सपाट हवेत. दहा सेंटिमीटरचा चढउतारही पाणकणसाला कळतो, उंचवट्यावर तण येतं आणि खोलगटात रोप बुडतं. दोन, पाणी आत घेण्याची सोय बाहेर सोडण्याच्या सोयीइतकीच महत्त्वाची. आमच्या आराखड्यात फक्त बाहेरचीच होती. सुधारून घेतला.

२५ सप्टेंबर २०२३

परवानगी ऑगस्टमध्ये आली. पोकलेन रुंद पट्ट्यांचा, खाली लाकडी ओंडक्यांची चटई टाकत टाकत चालवायचा. तरी एकदा रुतला आणि अर्धा दिवस त्याला काढण्यात गेला. माझ्या डोक्यात अजून आपल्याकडचा हिशेब होता, की पाऊस थांबला, वाफसा आला की यंत्र घाला. इथे वाफसा हा प्रकारच नाही. यंत्राचं वजन आणि पट्ट्याची रुंदी, एवढंच बघायचं.

जमिनीचे तीन भाग केले. 'अ' वाफा तीन हेक्टर, पाणकणसाची रोपं. 'ब' एक हेक्टर, पाणकणसाचं बी. 'क' चार हेक्टर, ओलं कुरण, तिथे काही लावायचं नाही, पाणी वाढवून जे गवत टिकेल ते कापायचं.

'अ' आणि 'ब'वरचा वरचा वीस सेंटिमीटर थर काढला. हा खर्चिक निर्णय आहे आणि सगळेच असं करत नाहीत. कारणं दोन. वर्षानुवर्षांच्या खतांचा फॉस्फरस त्या थरात लोहाला धरून बसलेला असतो, पाणी भरलं की तो सुटतो आणि चरांतून नदीत जातो. दुसरं, उभं गवत पाण्याखाली गेलं की ते सडतं आणि मिथेन सोडतं. 'क'मध्ये थर काढणं परवडणारं नव्हतं, तिथे गवत अगदी बुडापासून कापून बाहेर नेलं. काढलेल्या मातीचे वाफ्यांभोवती बांध घातले. खोदाई आणि बांध ३१,००० युरो.

मुख्य चरावर दोन बंधारे बसवले, दोन्हींचे ९,०००. ओकच्या फळ्या दोन खाचांमध्ये एकावर एक सरकवायच्या. अगदी आपल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे. इथल्या माणसाला मी तसं सांगितलं आणि फोनवर पंचगंगेवरच्या बंधाऱ्याचा फोटो दाखवला. त्यानं फळ्यांची जाडी विचारली.

२३ ऑक्टोबर २०२३

शुक्रवारी, २० तारखेला बाल्टिक समुद्रावर पूर्वेचं वादळ आलं. किनाऱ्यावर काय झालं ते सगळ्यांनी बातम्यांत पाहिलं. पेनेला उतार इतका थोडा आहे की समुद्राकडून वारा लागला की तिचं पाणी उलटं चढतं. आमच्या चरातही चढलं, आणि नदीच्या बाजूचा नवा बांध दोन ठिकाणी बसला. फुटला म्हणता येणार नाही, मधोमध खचून सपाट झाला.

कापून पाहिल्यावर कारण दिसलं. बांध निव्वळ वरच्या थराच्या मातीचा होता. ती कोरडी असताना हलकी, आत पोकळ्या, आणि ओली झाली की काही भाग चक्क तरंगतो. उन्हाळ्यात तर तिला भेगा पडल्या असत्या, तेव्हा हे वेळेवर झालं असंच म्हणायचं. दुरुस्ती: बांधाच्या मध्यभागी खालच्या घट्ट पिटापर्यंत चर घेऊन त्यात चिकणमातीचा गाभा भरला, बाजू चारास एक अशा उतरत्या केल्या, बाहेरून लोखंडी जाळी अंथरून गवत पेरलं. जाळी पाणउंदरांसाठी, ते बांधात बिळं करतात. दुरुस्तीचे ६,८०० युरो. चिकणमाती वीस किलोमीटरवरून आणली, त्यातला बराचसा पैसा वाहतुकीत गेला. पहिल्यापासूनच गाभा घातला असता तर यातले निम्मे वाचले असते.

९ जानेवारी २०२४

डिसेंबरभर पाऊस. फळ्या पूर्ण वर. 'अ' आणि 'ब'मध्ये पाणी जमिनीच्या वर दिसायला लागलं. क्रौंच पक्षी उतरलेत, बहुधा यंदा दक्षिणेला गेलेच नसावेत.

मोजणीत घोटाळा निघाला. पातळी मोजणारं स्वयंचलित यंत्र म्हणतंय की 'क'मध्ये पाणी जमिनीच्या वर चार सेंटिमीटर आहे. मी तिथे उभा, बुटाखाली ओलं आहे, पण पाणी उभं नाही. काठी लावून मोजलं तर पाणी जमिनीच्या तीन सेंटिमीटर खाली.

यंत्राची नळी तळच्या वाळूत रोवलेली आहे, ती जागची हलत नाही. पीट मात्र पाणी पिऊन फुगलं आणि जमीनच सात सेंटिमीटर वर आली. याचा आनंद आहे, साडेतीन मीटर जाडीचा थर पाणी घेतोय असा त्याचा अर्थ. पण यंत्राचा शून्य जुन्या जमिनीवर बांधलेला, त्यामुळे सगळे आकडे चुकीचे. आता प्रत्येक नळीशेजारी एक पातळ पत्र्याची चकती जमिनीवर ठेवलीय, ती जमिनीबरोबर वरखाली होते. दर महिन्याला नळीच्या तोंडापासून चकतीपर्यंत मोजायचं आणि शून्य सुधारायचा. नोव्हेंबरपासूनचे आकडे दुरुस्त करता येणार नाहीत, ते वगळले.

२८ मे २०२४

लागवड. 'अ'मध्ये हेक्टरी पाच हजार, एकूण पंधरा हजार रोपं, रोपाला सत्तर सेंट, म्हणजे १०,५०० युरो. रुंद पानांचं पाणकणीस उथळ भागात, अरुंद पानांचं खोल भागात. दोन्ही जाती आपल्याकडच्या तळ्याकाठच्या पाणकणसाच्या सख्ख्या बहिणी.

लावताना पाणी जमिनीच्या बरोबरीला उतरवून घेतलं. रोपं हातानं लावली, कारण लावणी यंत्र भाड्यानं आणायचं तर तीन हेक्टरांसाठी परवडत नाही. चिखलात गुडघ्यापर्यंत, वाकून, रोप खोचून टाचेनं दाबायचं. इथल्या मुलांची पाठ धरली, मला भातलावणीची आठवण झाली आणि हात आपोआप चालले. रोप पाच सेंटिमीटरपेक्षा कमी खोल गेलं की ते दुसऱ्या दिवशी पाण्यावर तरंगताना सापडतं.

'ब'मधलं बी: एका कणसात लाखाच्या वर बिया, पण त्यांना कापसासारखे तंतू, वारा आला की सगळं एका कोपऱ्यात. म्हणून बी चिकणमातीत घोळवून गोळ्या केल्या आणि त्या फेकल्या. उगवायला उजेड आणि उघडा ओला चिखल लागतो, वर पाणी चढवायचं नाही आणि सुकूही द्यायचं नाही.

१९ जून २०२४

कलहंसांनी 'अ'चा पश्चिमेचा तिसरा भाग साफ केला. कोवळ्या रोपाचा गाभा खाऊन बाकीचं उपटून टाकतात. पिल्लांसकट चालत येतात, या दिवसांत पिसं झडल्यामुळे त्यांना उडता येत नाही. म्हणून उपाय सोपा निघाला: उघड्या पाण्याच्या आणि वाफ्याच्या मधे फक्त ऐंशी सेंटिमीटरचं कुंपण. चालत येणारा पक्षी तेवढ्यानं थांबतो. शिवाय पाणी पंधरा सेंटिमीटर वर घेतलं, गाभा पाण्याखाली गेला की हंसांचं लक्ष कमी जातं. गेलेल्या भागात पुन्हा लावणी करायची नाही असं ठरवलं. पाणकणीस जमिनीखालून धावतं, शेजारची रोपं तिथे पोचतील.

बी मात्र फसलं. 'ब'मध्ये हातावर मोजण्याइतके अंकुर, बाकी सगळा दर्भासारखा दिसणारा रश. त्याचं बी जमिनीत वर्षानुवर्षं पडून असतं. आम्ही थर काढून त्याला उजेड दिला, म्हणून तो आमच्या बियांच्या आधी वर आला.

६ ऑगस्ट २०२४

दोन आठवडे ऊन. पाणी रोज खाली. भर उन्हाळ्यात अशा शेतातून दिवसाला पाच मिलिमीटर तरी उडून जातात. आठ हेक्टरांवर पाच मिलिमीटर म्हणजे चारशे घनमीटर, चार लाख लिटर, रोज. सौर पंप (५,२०० युरो) मुख्य चरातून पाणी उचलतो, पण चरातच पाणी कमी झालं तेव्हा पाणी संस्थेनं उपसा थांबवायला सांगितला, आणि त्यांचं बरोबर होतं, खाली गुरांचे पाणवठे आहेत. पंपाला पाणी देणारी मोरीही एकदा बंद झाली होती, बीव्हरनं रातोरात फांद्या कोंबल्या. बीव्हर संरक्षित आहे, फांद्या काढायलाही विचारावं लागतं.

'क'मधली पातळी जमिनीखाली ३८ सेंटिमीटर. गेल्या उन्हाळ्याच्या निम्म्याहून कमी खोल, पण हवी त्यापेक्षा फार खाली.

माझे काका पंचगंगेच्या खोऱ्यात पाटकरी होते. रविवारी फोनवर त्यांना सगळं सांगितलं. फळ्या कधी टाकल्या, असं त्यांनी विचारलं. एप्रिलच्या अखेरीला, लागवडीसाठी शेत कोरडं हवं होतं म्हणून मार्चमध्ये काढल्या होत्या, असं म्हटलं.

"अरं, मग कसं व्हायचं? उन्हाळा लागल्यावर बरगं टाकून काय अडणार हाय? पाऊस सरतीला आला की तवाच टाकायची."

"काका, इथं पावसाळा असा नसतोच. वर्षभर थोडा थोडा पडतो. तुम्ही सांगताय ते इथं कसं लागू होईल?"

"पडत आसंल. पर पिकानं प्यायला लागायच्या आधी किती साठिवलं, ते बघ."

वही काढून बघितलं. फेब्रुवारीच्या शेवटी जमीन काठोकाठ भरलेली होती, आणि ते पाणी आम्हीच फळ्या काढून नदीला दिलं. पुढच्या वर्षी लागवड नाही, त्यामुळे ते करायचं काही कारण नाही. लागवडीच्या वर्षी काय करावं? माझं मत, फक्त लावायचा वाफाच वेगळा उतरवता यावा अशी आतली फळी हवी. सगळं शेत एका बंधाऱ्यावर ठेवू नका.

१ ऑक्टोबर २०२४

'क'ची कापणी. जुनं कुरणाचं गवत निम्मं गेलं, त्याच्या जागी पाण्यात टिकणारं उंच गवत आणि लव्हाळ्याच्या जातीची सेज. साधा ट्रॅक्टर आत गेला तर रुततो. बर्फ दाबून सपाट करणारं यंत्र बदलून कापणीसाठी केलेलं असतं, ते भाड्यानं आणलं. रुंद रबरी पट्ट्यांवर चालतं आणि माणसाच्या पावलापेक्षाही कमी दाब देतं. त्रास कापताना होत नाही, गठ्ठे बाहेर काढताना होतो. एकाच वाटेनं ये-जा केली आणि पाचव्या खेपेला ती वाट चिखलाची झाली. प्रत्येक खेपेला नवी वाट घ्या, वळताना मोठा वळसा घ्या.

गठ्ठ्यांचं काय करायचं? गुरं हे गवत खात नाहीत. माल्खीनला २०१४पासून ओल्या कुरणांच्या गवतावर चालणारं गरम पाण्याचं केंद्र आहे, गावातल्या घरांना त्यातून उष्णता मिळते. उशिरा कापलेलं गवत जाळायला बरं, कारण पावसानं त्यातले क्षार धुतलेले असतात. पण आमच्यापासून अंतर जास्त, वाहतूक धरली तर हातात काही उरत नाही. यंदा जवळच्या एकानं गोठ्यात अंथरायला घेतले.

'क'च्या नदीकाठच्या पट्ट्यात यंत्र जाऊच शकत नाही. तिथे म्हशी आणल्या. खरोखरच्या पाणम्हशी, या भागात ओली कुरणं राखायला काही जण पाळतात. पंढरपुरीसारखी लांब शिंगं नाहीत, अंगावर केस दाट, पण डोळे मिटून डुंबायची पद्धत तीच. गाय ज्या रशला तोंड लावत नाही तो या आवडीनं खातात, आणि ओल्यात गायीचे खूर सडतात तसे यांचे सडत नाहीत. एक काळजी घ्या: म्हैस डुंबायला नेमकी बांधाची कड निवडते. विजेचं कुंपण बांधापासून पाच मीटर आत ठेवलं, तेव्हा थांबलं. 'ब'मध्येही पुढच्या वर्षी म्हशी घालायच्या, रश तुडवला तर पाणकणसाला जागा मिळेल असा अंदाज आहे.

१८ फेब्रुवारी २०२५

चांगली थंडी, उणे दहाच्या खाली. गोठलेल्या जमिनीवरून 'अ'मधली पहिली कापणी केली, फक्त नमुन्यापुरती. पहिल्याच वर्षाचं पीक, काही ठिकाणी माणसाएवढं, काही ठिकाणी कमरेइतकं. पाणकणसाचं वाळलेलं पान आडवं कापून उजेडात धरलं की आत चौकोनी हवेचे कप्पे दिसतात, ओळीनं. भिंतीत ऊब अडवणारे तक्ते या पानांपासून करतात ते याच कप्प्यांमुळे. हिवाळ्यात कापायचं कारणही हेच, तेव्हा पान पूर्ण वाळलेलं आणि हलकं असतं. पण गोठलेल्या जमिनीचा भरवसा धरू नका, अशी थंडी आता दर हिवाळ्यात येत नाही.

मिथेनबद्दल सगळे विचारतात, म्हणून लिहितो. पाण्याखालच्या पिटातून मिथेन निघतो, आणि पाणकणसाच्या त्याच पोकळ पानांतून तो वर येतो. म्हणून 'अ'मध्ये पाणी वीस सेंटिमीटरच्या वर नेत नाही आणि 'क'मध्ये जमिनीच्या बरोबरीला थांबवतो. ग्राइफ्सवाल्ड आणि रोस्टॉकच्या संशोधकांनी २०२०मध्ये हिशेब मांडला होता: मिथेन हवेत दहा-बारा वर्षांत विरतो, कार्बन डायऑक्साइड साठतच जातो, त्यामुळे मिथेन धरूनही पीट ओलं करणंच चांगलं, आणि जितक्या लवकर तितकं. माझ्यापुरता हा प्रश्न त्यानं सुटला.

७ एप्रिल २०२५

मार्च कोरडा गेला, हवामानाच्या नोंदी सुरू झाल्यापासूनच्या सगळ्यात कोरड्या मार्चपैकी एक. यंदा फळ्या जानेवारीपासून वर आहेत, काढल्याच नाहीत. आज 'क'मध्ये पाणी जमिनीखाली नऊ सेंटिमीटर. शेजारच्या सुकवलेल्या कुरणात माझी नळी नाही, पण त्याच्या चरात तळ दिसतोय. हद्दीवरच्या तिन्ही नळ्या खुणेच्या खाली आहेत, म्हणजे त्याच्या मक्याला आमच्याकडून त्रास नाही. उलट परवा त्यानं विचारलं, की त्याच्या कडेच्या दोन हेक्टरांना आमच्या फळीमागचं पाणी मिळेल का. अजून उत्तर दिलेलं नाही, परवानगीत ती जमीन नाही. पण पुढच्या आठवड्यात त्याच्याकडे बसतोय.

'क'मध्ये संध्याकाळी पाणलाव्याचा आवाज येतो, हवेत सूर मारताना शेपटीच्या पिसांतून निघणारा, घुमणारा. गेल्या वर्षी नव्हता. यामुळे कापणी जुलैच्या मध्यापर्यंत करायची नाही.

आतापर्यंतचा खर्च: परवानगी आणि अहवाल १४,०००, खोदाई आणि बांध ३१,०००, बंधारे ९,०००, वादळानंतरची दुरुस्ती ६,८००, रोपं १०,५००, पंप ५,२००, मोजणीची यंत्रं २,४००. एकूण ७८,९०० युरो, मजुरी सोडून. निम्म्याहून थोडं जास्त अनुदानातून आलं. २०२३पासून युरोपच्या शेती धोरणात ओल्या पीटवरची शेतीही थेट अनुदानाला पात्र आहे, म्हणून जमिनीचं दरवर्षीचं अनुदान बुडालं नाही. तसं नसतं तर मालकांनी हात घातला नसता. विक्रीतून आलेला पैसा सांगण्याजोगा नाही. पाणकणसाला ठरलेला भाव देणारा गिऱ्हाईक अजून मिळालेला नाही. आठ हेक्टरांचा माल कारखान्याला फार थोडा होतो, त्यामुळे खोऱ्यातले आणखी दोघं-तिघं एकत्र आले तरच बोलणी पुढे जातील. शेजाऱ्याच्या त्या दोन हेक्टरांकडे मी म्हणूनही बघतोय.

पुढची कामं: 'ब'भोवती म्हशींसाठी कुंपण, एप्रिलअखेर. 'अ'मध्ये स्वतंत्र आतली फळी, मेच्या आत. हंसांचं कुंपण पिल्लं बाहेर पडायच्या आधी उभं करायचं. फुटव्यांची मोजणी जूनच्या पहिल्या आठवड्यात, गेल्या वर्षी हंसांनी खाल्लेल्या भागापासून सुरुवात.